जड पाणी आणि एक कोरा मेंदू

आमच्या सरांचा पाणउतारा मी भर सभेत केला आणि त्याचा मला पश्चात्ताप झालेला नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे शेवटी बाई डोळे पुसणार अशी आशा धरून कोणी वाचायला नको.

मुलुंडच्या एका हॉस्पिटलात मी सतरा वर्षं एमआरआय काढते आहे. लोकांना ते मशीन म्हणजे बोगदा आणि ठकठक, एवढंच ठाऊक असतं. खरं तर ते आपल्या अंगातल्या पाण्याचं चित्र काढतं. आमच्या विभागाचे प्रमुख, म्हणजे सर, यांनी त्यात एक प्रयोग आणला. डोक्यातलं पाणी किती वेगानं बदलतं हे बघायचं. त्यासाठी निरोगी माणसांना आठ दिवस, सकाळ-संध्याकाळ, औषधाच्या कपाएवढं जड पाणी प्यायला द्यायचं आणि नवव्या दिवशी मेंदूचं चित्र काढायचं. हे जड पाणी दिसायला साध्या पाण्यासारखंच, चवीला जरासं गोड. त्यातला हायड्रोजन तेवढा वजनदार असतो. नेहमीच्या चित्रात ते दिसतच नाही. त्यासाठी वेगळी कॉइल लागते, डोक्यावर बसणाऱ्या शिरस्त्राणासारखी, आणि ती प्रत्येक डोक्यासाठी नव्यानं जुळवावी लागते. ते आमच्या विभागात फक्त मला जमायचं. बारीक स्क्रू, क्वार्टर फेरा इकडे, क्वार्टर फेरा तिकडे. पहिल्यांदा एका मेंदूत ते पाणी उजळलेलं दिसलं, तेव्हा मी खुर्चीतून उठून उभी राहिले होते. कोणाला सांगितलं नाही, पण ते चित्र माझं होतं.

पाणी घरी नेऊन प्यायचं, म्हणून पांढऱ्या बाटल्या आल्या. त्यांवर मराठीत छापलेलं होतं, ‘जड पाणी’. ते बघून मी सरांकडे गेले. म्हटलं, सर, हा शब्द बदला, आपल्या लोकांत जड पाणी म्हणजे बोअरचं. ज्याला साबणाचा फेस येत नाही, डाळ शिजत नाही, बादलीला पांढरा थर बसतो, ते. शाळेच्या पुस्तकात त्याला दुष्फेन म्हणत असतील, घाटकोपरमध्ये कोणी म्हणत नाही.

सर हसले. सोबत चार शिकाऊ डॉक्टर होते, तेही हसले.

“बाई, तुम्ही मशीन सांभाळा. भाषा आम्ही सांभाळतो.”

पाणी प्यायला तयार झालेल्यांत घाटकोपरचे एक काका होते. मूळ मालवणकडचे, गिरणी बंद पडल्यावर एका शाळेत शिपाई म्हणून राहिले आणि तिथूनच निवृत्त झाले. माझं माहेरही तिकडचंच, त्यामुळे पहिल्या भेटीतच आमचं गाव, तिठा, देऊळ सगळं निघालं. विज्ञानासाठी आपलं डोकं कामाला येणार याचा त्यांना केवढा अभिमान. इस्त्रीचा शर्ट घालून यायचे.

इतर लोकांना चौथ्या-पाचव्या दिवसापासून थोडं गरगरायचं. एक मॅडम म्हणाल्या, कूस बदलली की खोली फिरते. ते होतं, कारण जड पाणी कानातल्या तोल सांभाळणाऱ्या भागातही शिरतं. काकांना काहीच झालं नाही. ठणठणीत. मला तेव्हाच शंका यायला हवी होती.

नवव्या दिवशी त्यांचं चित्र काढलं आणि ते कोरं आलं. अगदीच कोरं नाही, निसर्गतः प्रत्येकाच्या अंगात चिमूटभर असतं तेवढं होतं. मी कॉइल दोनदा जुळवली, तिसऱ्यांदा जुळवली. सर आले. त्यांनी ना नोंदी बघितल्या ना कॉइल तपासायची चाचणीची बाटली मशीनमध्ये लावून बघू दिली. शिकाऊ डॉक्टरांसमोर, काका अजून आत झोपलेले असताना, म्हणाले की बाईंनी कॉइलची वाट लावली. दुसऱ्या दिवशी माझ्या हातात पत्र. निष्काळजीपणा. फाइलला एक प्रत. आणि बदली तळमजल्यावर, एक्स-रेला.

सतरा वर्षांत माझ्याकडे कोणी बोट दाखवलं नव्हतं. मी त्या तळमजल्यावर दात-ओठ खात हात-पाय-बरगड्या काढत बसले. कांजूरला घरी गेले की वाऱ्यावर डम्पिंग ग्राउंडच्या कचऱ्याचा वास यायचा, खिडक्या लावून घ्यायचे आणि ते पत्र परत वाचायचे. नवरा म्हणाला, सोड ना यार, पगार तोच आहे. त्याच्याशी दोन दिवस बोलले नाही.

महिन्याभरात कळलं की कंपनीचा इंजिनीअर येऊन कॉइल तपासून गेला. कॉइल झकास होती. आता कोणीही काय केलं असतं? पत्र मागे घेतलं असतं. सरांनी त्या कोऱ्या चित्रालाच नवा शोध ठरवलं. म्हणजे म्हणे, हा एक असा मेंदू आहे जो बाहेरचं पाणी आत येऊच देत नाही. काकांना बोलावून त्यांनी तसं सांगितलं, त्यांच्यासोबत फोटो काढला. काकांनी तो फोटो सगळ्या चाळीत फिरवला. माझं पत्र फाइलमध्ये तसंच.

आणि मग एका सकाळी काकू माझ्याकडे गुडघ्याच्या एक्स-रेला आल्या. काकांच्या बायको. मी सहज विचारलं, काका पाणी वेळेवर पीत होते ना? त्यांनी इकडेतिकडे बघितलं आणि हळूच म्हणाल्या,

“मागे ह्येंका मुतखडो झाललो. परत जड पाणी कित्याक पाजू? मी ता सगळा मोरीत वतलंय आणि बाटलेत फिल्टरचा भरून ठेवलंय. ह्येंका सांगा नको हां, बाये.”

मी म्हटलं, नाही सांगणार. त्यांचा गुडघा नीट सरळ केला, फिल्म काढली, दारापर्यंत सोडायला गेले. आणि परत येऊन त्या काळोख्या खोलीत एकटीच हसले. खूप हसले.

त्याच दिवशी वर जाऊन सरांना सांगता आलं असतं. पत्र गुपचूप मागे गेलं असतं, चूक गुपचूप सुधारली असती. मी नाही सांगितलं. मला गुपचूप काही नको होतं. माझा पाणउतारा चारचौघांत झाला होता, उट्टं चारशे जणांत काढायचं होतं. अंधेरीला डॉक्टरांची परिषद होती, सर तिथे कोरा मेंदू दाखवणार होते. मी तीन आठवडे थांबले. त्या तीन आठवड्यांत मला इतकी छान झोप लागायची की काय सांगू.

टाळ्या वाजवायला सरांनी अख्खा विभाग नेला होता, माझं नाव यादीत नव्हतं. रजा टाकून, पैठणी नेसून गेले. सर छान बोलले, ते नेहमीच छान बोलतात. पडद्यावर काकांचं डोकं, आत अंधार. प्रश्न विचारा म्हणाले तेव्हा मी उभी राहिले आणि विचारलं, या गृहस्थांनी पाणी प्यायलं होतं हे कशावरून? सरांनी मला ओळखलं. म्हणाले, त्यांनी तसं लिहून सही केली आहे.

“त्यांनी बाटलीतलं प्यायलं, सर. पण बाटलीत फिल्टरचं होतं. जड पाण्यानं मुतखडा होतो म्हणून त्यांच्या बायकोनं ते मोरीत ओतलं. आमच्यात जड पाणी म्हणजे बोअरचं. मी तुम्हाला सांगितलं होतं.”

आधी कोणीतरी एकच हसलं, मग सगळं सभागृह. पहिल्या रांगेतल्या एका वयस्कर डॉक्टरबाईंनी शांतपणे विचारलं, लघवीची तपासणी केली होती का? जड पाणी प्यायलं असेल तर तिथे कळतंच. सरांनी नमुने घेतले होते, तपासले नव्हते. फ्रीजमध्ये पडून होते. सर पाण्याचा ग्लास उचलायला गेले आणि तो हातातून सांडला. ते मी डोळे भरून बघितलं. आजही मन उदास झालं की मी तो ग्लास आठवते.

नमुने तपासले, साधं पाणी निघालं. सरांना प्रमुखपदावरून बाजूला केलं. माझं पत्र रद्द झालं, मी वर माझ्या मशीनवर आले. प्रयोग त्या वयस्कर डॉक्टरबाईंनी हातात घेतला. बाटल्यांवरचा मजकूर त्यांनी माझ्याकडून लिहून घेतला आणि म्हणाल्या, ते घाटकोपरचे गृहस्थ परत तयार होतील का, विचारून या.

मी मिठाई घेऊन गेले. दार काकांनी उघडलं. बनियनवर होते. काकू आत ओट्यापाशी पाठ करून उभ्या होत्या, वळल्या नाहीत. बाजूच्या खोलीतून कोणीतरी ओरडलं, काय काका, फिल्टरचं डोकं कसं आहे? काकांनी तिकडे बघितलंही नाही. सभेतला किस्सा हॉस्पिटलातून चाळीपर्यंत पोचला होता, बहुधा रोजचंच झालं होतं ते. मी जे सांगायला आले होते ते सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. आत ये म्हणाले नाहीत.

“तुझो राग सायबावर हुतो. मगे माझी टकली कित्याक पुढे केलंस?”

मला वाटलं होतं ते ओरडतील. त्याची माझी तयारी होती. हा प्रश्न त्यांनी अगदी साध्या आवाजात विचारला, खरोखर कळत नसल्यासारखा. मी खरं तेच सांगितलं. “काका, माझ्याकडे दुसरं काही नव्हतं.”

काकांनी मान हलवली.

“सायबय परवा येवन ह्याच सांगान गेलो, दुसरा काय नव्हता म्हणान,” ते म्हणाले, आणि त्यांनी दार लावून घेतलं.