नकाराचा मान

पुस्तकं वाचून माणूस सुधारतो यावर माझा पूर्ण विश्वास आहे. फक्त तो सुधारत असताना घरात पाहुणे नसावेत.

माझा सगळा जन्म सोलापुरात पाण्याच्या मोटारी विकण्यात चाललाय. गिऱ्हाइकाशी वाद घालणं हा माझा धंदा आणि घरच्यांशी वाद घालणं हा छंद. शेवटी एक दिवस माझी बायको कविता वैतागून म्हणाली, "अहो, जरा काहीतरी वाचत जा. तेवढा वेळ तरी तोंड बंद राहील!" मी ते मनावर घेतलं. (तो टोमणा होता, हे मला फार उशिरा कळलं.) माणसं कशी जोडावीत यावरचं एक जाडजूड पुस्तक आणलं आणि पिवळा हायलायटर घेऊन त्याच्यावर तुटून पडलो. बघता बघता ते हळद लागलेल्या नवरदेवासारखं पिवळंधमक झालं.

त्यातलं एक प्रकरण तर थेट काळजाला भिडलं. समोरचा 'नको' म्हणाला की त्याच्या नकाराचा मान राखा, पुन्हा विचारू नका, आग्रह म्हणजे जबरदस्ती, असं त्यात होतं. मी लगेच अंमलबजावणी सुरू केली. दिवाळीला आई म्हणाली, "मला काय नको बाबा." मी काहीच आणलं नाही. पुढं बरेच दिवस आई माझ्याशी बोलली नाही. घरात कशी शांतता नांदतेय, असं मला वाटलं.

अशात माझ्या धाकट्या बहिणीचं, सुनंदाचं, लग्न जमत आलं. मंद्रूपचं स्थळ. मुलगा संतोष, घरची शेती आणि ट्रॅक्टरचं गॅरेज. बघण्याचा कार्यक्रम होऊन गेला होता, दोघं एकमेकांना पसंत होते, तासन्‌तास फोनवर बोलत होते. आता त्याचे आईवडील दुपारी जेवायला येऊन लग्न पक्कं करणार होते. आमचे वडील नाहीत, त्यामुळं बैठक माझ्या गळ्यात.

सकाळी सुनंदा माझ्यापुढं हात जोडून उभी राहिली. "दादा, आजच्या दिवस वाद घालू नको. हे मोडलं तर मी दुसरं स्थळ बघणार नाही, सांगून ठेवते." तिचे डोळे भरले होते. मलाही भरून आलं. लहानपणापासून तिनं माझ्याकडं हट्टानं काही मागितलं नव्हतं.

"तू निर्धास्त राहा," मी म्हणालो. "मी अगदी पुस्तकात सांगितल्याप्रमाणं वागणार आहे."

तिचा चेहरा आणखीनच पडला.

भर दुपारी पाहुणे आले. संतोष, त्याचे वडील अण्णा आणि आई, जिला सगळे माई म्हणत. स्वयंपाकघरातून शेंगापोळीचा वास दारापर्यंत पोचला होता. पाणी झालं, उन्हाबद्दल बोलून झालं, आणि मी म्हणालो, "अण्णा, जेवायला बसायचं?"

"नको, नको," अण्णा म्हणाले. "आत्ताच खाऊन निघालोय की आमी."

आता आमच्याकडं पहिला 'नको' हा नमस्कारासारखा असतो. त्यावर 'असं कसं, बसा की!' म्हणायचं. दुसऱ्या 'नको'ला शपथ घालायची आणि तिसऱ्याला हात धरून पाटावर बसवायचं. मी स्वतः आजवर कुणाच्याही घरी असाच जेवलोय! पण त्या क्षणी माझ्या डोळ्यांपुढं ती पिवळी ओळ चमकली.

"बरं," मी म्हणालो आणि मान राखल्यासारखा हसलो.

तिघंही माझ्याकडं बघत राहिले. मी काहीतरी पुढं बोलेन म्हणून थांबले असावेत. तेवढ्यात कविता ताटं घेऊन बाहेर आली.

"मांडू ना?"

"नको. पाहुणे नको म्हणालेत."

"अहो, तसं म्हणतातच!"

"कविता, आपण त्यांच्या शब्दाचा मान राखायचा."

ताटं आत गेली. माईंची नजर ताटांबरोबर स्वयंपाकघरापर्यंत जाऊन एकटीच परत आली.

मी म्हटलं, "माई, चहा तरी?"

"कशाला उगं तरास?" माई क्षीण आवाजात म्हणाल्या.

"बरं," मी म्हणालो. चहा पण गेला!

मग ऊस, पाऊस, रस्ता असे विषय निघाले आणि एकेक करून जागीच मेले. लग्नाचं नाव कुणी काढेना. अण्णांच्या पोटात मोठ्यांदा गुडगुडलं, तर सगळ्यांनी बाहेरून ट्रॅक्टर गेल्यासारखं खिडकीकडं पाहिलं. संतोष मान खाली घालून मोबाइलवर टाइप करत होता. आजकालच्या पोरांना पाहुणचारातही मोबाइल सुटत नाही, असं मला वाटलं. (तो आत बसलेल्या सुनंदाला लिहीत होता, 'नकारच द्यायचा होता तर जेवायला कशाला बोलवलं? आई-अण्णा सकाळपासनं उपाशी हायत!') आत धाडकन एक पातेलं पडलं. पाठोपाठ आईचा आवाज आला, "ह्याला कुणीतरी आवरा गं!"

अखेर अण्णा गुडघ्यांवर हात टेकून उठले. "चला, निघतो आमी."

हेसुद्धा थांबवून घेण्यासाठीच असतं, हे शेंबडं पोर सांगेल. मी मात्र उठलो, दार सताड उघडलं आणि म्हणालो, "बरं, या."

अण्णांचा चेहरा तांबडालाल झाला. "पाव्हणं, आमच्यात दारात आल्याल्या कुत्र्यालाबी दुसऱ्यांदा यू यू करत्यात! पोरगा पसंत न्हवता तर फोनवर सांगायचं हुतं."

आत्ता कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. "अण्णा, तसं नाही हो... ते पुस्तकात..."

"कसलं पुस्तक?"

अण्णांनी चपलेत पाय घातला. संतोषनं गाडीची किल्ली काढली. माझ्या बहिणीचं लग्न माझ्या डोळ्यांदेखत उंबरा ओलांडत होतं, आणि अशा वेळी काय बोलावं याचं प्रकरण माझ्या पुस्तकात नव्हतं!

तोच सुनंदा हातात ताट घेऊन बाहेर आली. "अण्णा, माझा दादा येडा हाय. पण सैपाक मी केलाय. जेवून जावा."

अण्णांनी ताटाकडं पाहिलं. शेंगापोळी, वर तुपाची धार. आणि जन्माच्या सवयीनं ते म्हणाले, "नको, पोरी."

माझ्या काळजाचं पाणी झालं.

"असं कसं?" सुनंदा म्हणाली. "माझी शपथ हाय तुमाला!"

"आता शपथच घातलीस म्हणल्यावर..." अण्णांनी चप्पल काढली. माई तर त्यांच्या आधीच पाटावर बसल्या होत्या! तिसऱ्या पोळीला लग्न पक्कं झालं. तारीख अण्णांनी भरल्या तोंडानं सांगितली, त्यामुळं ती दोनदा विचारावी लागली.

लग्नानंतर मी पहिल्यांदा मंद्रूपला गेलो. अण्णांनी विचारलं, "जेवणार न्हवं?" मी सवयीनं म्हणालो, "नको, नको." अण्णा म्हणाले, "बरं. तुमच्या शब्दाचा मान राखाय पायजे," आणि माझ्यासमोर भाकरी कुस्करून शांतपणे जेवले. दाराआड सुनंदा तोंडाला पदर लावून हसत होती.

म्हणून पुढच्या खेपेला मी घरूनच पोटभर जेवून गेलो. तर अण्णांनी शपथ घातली, हात धरून पाटावर बसवलं आणि पोळीवर पोळी वाढत सुटले. "अण्णा, खरंच नको हो!" "असं कसं? घ्या की!"

घरी येऊन पोट धरून आडवा झालो. कविता उशाशी ते पिवळं पुस्तक घेऊन आली. "अहो, थोडं वाचा, बरं वाटेल."

"नको," मी कण्हत म्हणालो.

"बरं," ती म्हणाली आणि पुस्तक रद्दीत टाकून आली. माझ्या नकाराचा या घरात कुणी मान राखला, तो तेवढा एकदाच!