पूर्वेची रेघ

भंडाऱ्याच्या नकाशा कार्यालयात भाऊ माझ्या शेजारी बसत. जुन्या नकाशातले अक्षांश-रेखांश अंश-कलांतून दशांशात बदलून नव्या नकाशावर चौकट आखणं, हे त्यांचं काम. प्रत्येक आकडा ते आधी ओठांत घोळवत, मगच लिहीत.

त्या दुपारी धरणाच्या बुडीत क्षेत्राची चौकट होती. मी आकडे वाचत होतो. पूर्वेची रेघ ओढून त्यांची पेन्सिल थांबली.

"परत वाच."

मी वाचलं. "काहून थांबले, भाऊ?"

"माह्यं गाव आत येऊन राहिलं."

आतून साहेबांनी नकाशा मागितला. भाऊंनी खोडरबर उचललं. रेघ जराशी अलीकडे घेतली असती, तर कोणाला कळलं नसतं.

त्यांनी पेन्सिलीची रेघ पुसली आणि तिथेच शाईने ओढली.

"तू नेऊन दे साहेबाले," ते म्हणाले. "माह्याच्यानं होत नाही."