अनंता भाव करत नसे

रोह्याजवळच्या निडीहून फोन आला तेव्हा मी दुकानात एका गिऱ्हाइकाशी व्हॉल्व्हच्या भावावरून भांडत होतो. पेणला रामवाडीत माझं पाइप आणि फिटिंगचं दुकान आहे, आणि भांडणं हा माझ्या धंद्याचा निम्मा भाग आहे. फोनवर अनंताचा पुतण्या होता. "काका गेले," एवढंच म्हणाला. मी फोन खाली ठेवला. समोरच्या माणसाचं चालूच होतं, शेठ, एवढ्यात द्या, जुनं गिऱ्हाईक आहे मी... मी म्हटलं, "घेऊन जा." त्याने व्हॉल्व्ह उचलला, उलटसुलट करून पाहिला, माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि तो परत काउंटरवर ठेवला. हा माणूस इतक्या सहज हो म्हणतो म्हणजे मालातच खोट असणार, असं त्याला वाटलं असावं. तो निघून गेला. मी शटर ओढलं आणि निडीची वाट धरली.

तिथे अंगणात गाव जमलं होतं. जो तो एकच बोलत होता, "सुटला बिचारा." मला कळेना. कशातून सुटला? धडधाकट माणूस, साठीच्या आसपासचा, एकाएकी गेला असेल तर हार्टने गेला असेल, असं मी गाडीत धरून चाललो होतो. शेजारी उभ्या असलेल्या म्हाताऱ्याला विचारलं, तर तो माझ्याकडे बघतच राहिला. "तुमाला म्हायत नाय शेठ? पोटाचा कॅन्सर होता ना त्याला. शिमग्यापासून मुंबईच्या वाऱ्या चालू होत्या." मग एकेकाकडून कळत गेलं. त्याच्या फिटर पोरांना माहीत होतं, त्याच्या घरासमोरच्या किराणावाल्याला माहीत होतं, रोह्याच्या रिक्षावाल्याला माहीत होतं. माहीत नव्हतं ते फक्त मला. स्मशानात मी उभा होतो तो रडत नव्हतो, दात आवळून उभा होतो. आज इतके आठवडे झाले तरी तो राग उतरलेला नाही, हे आधीच सांगून ठेवतो. चांगलं चांगलं लिहायला दुसरे आहेत.

अनंता गरम पाण्याच्या लाइनींचा कॉन्ट्रॅक्टर होता. हा काय धंदा, असं वाचकांना वाटेल. थंड देशांत म्हणे घरं अशीच तापवतात, पाणी गरम करून भिंतींतून, जमिनीखालून फिरवतात. आपल्याकडे अंगाचा घाम पुसायला रुमाल पुरत नाही, तिथे खोली कोण तापवणार? पण रोह्याच्या कारखान्यांत रसायनाची पिंपं ठरावीक ऊब देऊन ठेवावी लागतात, हॉटेलांना तिसऱ्या मजल्यावर नळ सोडल्याबरोबर गरम पाणी हवं असतं, आणि असल्या सगळ्या कामांना या दोन तालुक्यांत एकच नाव होतं. तो निडीच्या भात-वालाच्या शेतीतला पोरगा, आयटीआय करून कंपनीत मेंटेनन्सला लागलेला. शिफ्टमधल्या साहेबाशी पटलं नाही म्हणून नोकरी सोडून स्वतःची कामं घेऊ लागला. मी कासूच्या बाजूचा, मिठागरातला. बाप मीठ ओढायचा आणि आई ते पाटीत घालून दारोदार विकायची. मापावर हात ठेवून "एवढ्यात नाय परवडत गो बाय" म्हणत ती ज्या ताकदीने उभी राहायची, ते बघून मी धंदा शिकलो. पहिला भाव खोटा, दुसरा निम्मा खोटा, आणि तिसऱ्यावर दोघं हसले की सौदा, हे मला अक्षरओळखीच्या आधी आलं.

अनंता पहिल्यांदा दुकानात आला तेव्हा त्याने जाड पाइप मागितला, सी क्लास. मी भाव सांगितला. अर्थातच वरचा सांगितला, खाली यायला जागा ठेवून. तो म्हणाला, "बरं." आणि टेंपोत पाइप चढवायला लागला. मला फसवल्यासारखं झालं. मी तयार होतो, बाह्या सरसावून होतो, आणि समोर कुणीच नाही! पुढच्या खेपेला मी मुद्दाम आणखी चढा भाव सांगितला. तो क्षणभर थांबला, "नको" म्हणाला आणि पनवेलला जाऊन माल घेऊन आला. ना राग, ना शब्द. तिसऱ्या खेपेला मीच चिडलो.

"काय रे, तुला तोंड नाय? कमी करा म्हणायला काय जातंय तुझं?"

"तू भाव सांगितलास तो तुझा शब्द ना, शेठ? त्याला कात्री लावायची म्हणजे तुला खोटा म्हणण्यासारखं."

"अरे, पहिल्या भावात मी खोटाच असतो! सगळं जग असतं!"

"मग खरा कधी असतोस तेवढं सांग. तेव्हा येतो."

त्या दिवसापासून त्याला मी एकच भाव सांगत आलो, शेवटचा. पेणच्या बाजारात दुसऱ्या कुणाला ही सवलत नव्हती, सख्ख्या मेव्हण्यालासुद्धा नाही. पण त्याबद्दल मनात एक खुटखुट कायम राहिली. माझ्यासारख्या माणसाला घासाघीस म्हणजे गप्पा असतात. तेवढा वेळ माणूस समोर उभा राहतो, चहा होतो, घरचं निघतं. हा यायचा, हो किंवा नाही म्हणायचा, आणि चालू लागायचा.

धंद्यातली त्याची मतंही तशीच होती, एकदा सांगितली की संपलं. पाणी आळशी असतं, जवळची वाट दिसली की लांब जात नाही, हे तो लहान मुलाच्या खोडीसारखं सांगायचा. लाइन चालत नसेल तर लोक पंपाला शिव्या देतात, मोठा पंप आणतात. दोष बहुतेक वेळा हवेचा असतो. पाइपात हवा अडकली की पाणी पलीकडे जात नाही, मग कितीही जोर लावा. आणि उष्णता घाईने द्यायची नाही, हे त्याचं सगळ्यात लाडकं मत. "तापवायला कुणालापण येतं, ऊब धरायला येत नाय," असं तो म्हणायचा.

हे मत खरं ठरताना बघायला मिळालं ते पेणमध्येच, सुधाताईंच्या गणपतीच्या कारखान्यात. नवऱ्यामागे त्या एकट्या कारखाना चालवतात, शाडूच्या मूर्ती करतात. आषाढ-श्रावणात मूर्ती वाळत नाहीत, आणि शेगड्या, हॅलोजन लावून वाळवल्या तर वरून सुकतात, आतून ओल्या राहतात, मग मानेला नाहीतर सोंडेला तडा जातो. एका वर्षी त्यांचं फार नुकसान झालं. मी अनंताला घेऊन गेलो. त्याने खोली पाहिली, भिंतींना हात लावला आणि म्हणाला, चारी भिंतींना पाइप फिरवू, मागच्या पडवीत तुसाची भट्टी लावू, कोमट पाणी रात्रंदिवस फिरू दे. कारखान्यातल्या बाया तोंडाला पदर लावून हसल्या. एक म्हणाली, "गणपतीला हीव भरलंय काय गो?"

अनंताने खडूने जमिनीवर आकृती काढली. पाणी पहिल्या भिंतीला आधी पोचतं, म्हणून तिचं परतीचं पाणी सगळ्यात लांबच्या वाटेने न्यायचं. शेवटच्या भिंतीला उशिरा पोचतं, म्हणून तिला परतीची वाट आखूड ठेवायची. अशाने सगळ्यांचा प्रवास सारखा होतो आणि कुठलीच भिंत थंड राहत नाही. मी हिशेब केला, यात पाइप बराच जास्त जात होता. सुधाताईंच्या बाजूने मी उसळलो, "कशाला एवढा घोळ? सरळ नेऊन सरळ आण." अनंता सुधाताईंकडे वळून म्हणाला, "बघा ताई, पाइप विकणारा हा, आणि कमी पाइप लाव म्हणून भांडणारापण हाच." सगळा कारखाना हसला. सुधाताई मात्र आकृतीकडे बघत होत्या. त्या म्हणाल्या, "ही तर पंगत झाली. ज्याला पयलं वाढलं त्यानं पयलं उठायचं नाय. शेवटच्याचं होईपर्यंत बसून राहायचं."

अनंता एवढा खूश झालेला मी कधी पाहिला नव्हता. तेव्हापासून त्याने त्या जोडणीला पंगतच म्हटलं. त्याच्या फिटर पोरांनी उचललं, मग इतरांनी. आज रोह्याला कुठल्याही साइटवर जा, "सरळ लाइन मारू की पंगत घालू?" असं विचारतात. पुस्तकात तिला काय नाव आहे मला माहीत नाही.

पाणी सोडलं त्या दिवशी समोरची भिंत थंडच राहिली. मी लगेच म्हटलं, मोठा पंप आणतो, दुकानात आहे. त्याने ऐकून न ऐकल्यासारखं केलं, स्टूल घेतलं, कोपऱ्यातल्या सगळ्यात उंच जागेची हवा सोडायची छोटी चावी सैल केली. बराच वेळ नुसती फुसफुस... मग पाणी थुंकलं, त्याच्या शर्टवर, माझ्या चष्म्यावर. थोड्या वेळाने भिंतीकडच्या बाया ओरडल्या, "आली, आली, ऊब आली!" त्या वर्षी एकाही मूर्तीला तडा गेला नाही.

अशी आमची वर्षं गेली. भांडलो ते मीच, तो फक्त समोर उभा राहिला. हिवाळ्यात त्याच्या शेतावर पोपटीला जायचो, मडक्यातल्या वालाच्या शेंगा सोलता सोलता मी जगाला शिव्या द्यायचो आणि तो माझ्या पुढ्यात शेंगा सरकवत राहायचा.

या वर्षी शिमग्यानंतर त्याचं येणं कमी झालं. फोन केला तर "साइटवर हाय" म्हणायचा. एकदा आला तो गालफडं बसलेली, पॅन्ट पट्ट्याने गोळा करून बांधलेली. मी विचारलं, "काय रे, काय झालं तुला?"

"दाढा काढल्या. जेवण जात नाय."

आणि मी मानलं. मी! जो दूधवाल्याच्या पहिल्या शब्दावर विश्वास ठेवत नाही, जो गणपतीच्या वर्गणीची पावतीसुद्धा उलटून बघतो, तो मी "मऊ भात खा" म्हणालो आणि त्याचा माल काढायला लागलो. दुसऱ्या कुणी हे उत्तर दिलं असतं तर मी त्याला बसवून ठेवलं असतं, तोंड उघडून दाखव म्हटलं असतं. पण अनंताचा पहिला शब्द हाच शेवटचा असतो हे त्यानेच मला शिकवलं होतं. इतक्या वर्षांत तो एकदाच खोटं बोलला, आणि ते माझ्याशी बोलला. पंगतीतून आधी उठायचं नाही हे आवडीने उचललेला माणूस कुणाला न सांगता उठला असता तर मी समजू शकलो असतो. पण त्याने सगळ्यांना सांगितलं, माझ्याच पानाकडे पाठ करून उठला.

डॉक्टरने काय सांगितलं असेल आणि त्याने काय म्हटलं असेल, हे मी डोळ्यांसमोर आणू शकतो. "बरं." एवढंच. माझ्या पहिल्या भावाला म्हणाला होता तसंच. मी असतो तर त्या डॉक्टरच्या टेबलावर मूठ आपटली असती. दुसरा डॉक्टर, तिसरा डॉक्टर, आयुर्वेद, देवऋषी, काही सोडलं नसतं. देवाशीसुद्धा मी भांडलो असतो, त्याचाही पहिला भाव मी कधी मानलेला नाही. जगात मला येणारी गोष्ट ही एकच आहे, आणि ज्याच्यासाठी ती करायची होती त्याने मला दाराबाहेर ठेवलं.

तेरावं झालं, पाहुणे गेले, मग मी निडीला गेलो. सुलभावहिनी ओटीवर वाल निवडत बसल्या होत्या. मी बसलोसुद्धा नाही. उभ्या उभ्याच म्हटलं, "वहिनी, मला का नाय सांगितलंत? मी परका होतो काय?" आवाज चढला होता. शेजारच्या घरातून कुणीतरी डोकावलं. वहिनी शांत होत्या. सूप बाजूला ठेवून म्हणाल्या, "मी म्हटलं होतं त्यांना, भावोजींना कळवूया. दोनदा फोन हातात घेतला. त्यांनी काढून घेतला."

"का पण?"

"म्हणाले, शेठला नको सांगू. तो आला की घासाघीस करायला लागेल. अजून थोडं, अजून थोडं करत राहील. मग मलापण वाटायला लागेल, सुटेल काहीतरी... आणि मग माझ्यानं जाववायचं नाय."

मी खाली बसलो. वहिनींनी पुन्हा सूप मांडीवर घेतलं, मूठभर वाल निवडले. मग त्या उठल्या. "पाय धुवून घ्या. जेवून जा," म्हणाल्या. परसात तांब्याचा बंब धुमसत होता. अख्ख्या तालुक्याला गरम पाण्याच्या लाइनी घालणाऱ्या माणसाच्या घरात लाइन नव्हती. दोघांसाठी कशाला, असं त्याचं म्हणणं असायचं, वहिनी म्हणाल्या. त्या आता एकट्याच होत्या, तरी सवयीने बंब पूर्ण भरला होता. मी न्हाणीच्या दगडावर उभा राहिलो, त्यांनी तांब्याने पाणी घालायला सुरुवात केली. पाणी बेताचं तापलेलं होतं, चटका नव्हता. पायांवरून, मग ओंजळीत, मग मी तोंड धुतलं, परत धुतलं.

"पुरे?" वहिनींनी विचारलं.

मी मान वर केली नाही. ओंजळ तशीच धरून म्हटलं, "थोडं अजून."