कडक बिअर आणि पाच गॅलनची पट्टी

शीलावहिनींचा फोन आला तेव्हा मी गॅरेजमध्ये गाडीच्या मायलेजच्या वहीत आकडा लिहीत होतो. "भावजी, हे गेले हो... ऑफिसातच," एवढंच त्या म्हणाल्या. आम्हा दोघांच्या घरांत शिकागोजवळच्या शॉमबर्गमधल्या चार गल्ल्यांचं अंतर. गाडी काढायचं सुचलं नाही, चालतच गेलो. यशवंतला त्रेचाळीसावं चालू होतं. याला आता पाच आठवडे झाले. शोकसभेत सगळे त्याच्याबद्दल चांगलंच बोलले, त्यात काही चुकीचं नव्हतं. फक्त एक गोष्ट चुकीची सांगितली गेली आणि ती दुरुस्त करणं माझ्याकडे लागतं.

यशवंतचे वडील नागपुरात आमच्या शाळेत गणित शिकवायचे. तो त्यांना घरी बाबा म्हणे, वर्गात गुरुजी. मी दोन्हीकडे गुरुजीच म्हणायचो. आम्ही हायस्कुलात असताना दशमान पद्धत आली. शेर, मण, गॅलन सगळं बदललं आणि गुरुजींनी रूपांतराचे आकडे आमच्याकडून पाढ्यांसारखे घोकून घेतले. एक गॅलन म्हणजे चार पूर्णांक चोपन्न लिटर. यशवंतची वही गिचमिड असायची, माझी नीट. गुरुजी त्याच्यादेखत म्हणायचे, "आकडा नामदेवाला विचारावा." पुढे यशवंत केमिस्ट झाला, मी इन्स्पेक्शनच्या कामात पडलो. दोघं दोन वर्षांच्या अंतराने अमेरिकेत आलो, तरी ते वाक्य तो विसरला नाही. घराचं कर्ज असो की अंगणातल्या खताचं प्रमाण, कागद माझ्यापुढे टाकून म्हणायचा, "नामदेवाला विचारावा. बघ."

बिअरचा नाद त्याला बेल्जियममध्ये लागला. कंपनीने सहा आठवड्यांसाठी अँटवर्पला पाठवलं होतं. परतल्यावर शिकागोतल्या एका दुकानातून त्याने तीच बिअर शोधून आणली आणि माझ्या स्वयंपाकघरात बाटली उघडली. रंग फिका सोनेरी, इथल्या नेहमीच्या बिअरसारखाच, म्हणून मी निर्धास्त मोठा घोट घेतला. आधी लिंबाच्या सालीचा वास, मग नासपतीसारखी गोडसर चव, मागून लवंगेचा चटका, मग कडवटपणा, आणि सगळं संपलं असं वाटल्यावर छातीत ऊब. यशवंत हसत होता. "हळू यार, ही साडेआठ टक्के आहे. तुझी इथली पाचसुद्धा भरत नाही." फेस तर ग्लासाच्या वर दोन बोटं उभा राहिला. तळाचा गाळ त्याने मला ओतू दिला नाही. ते यीस्ट होतं, जिवंत. बाटलीत भरताना पुन्हा थोडी साखर आणि यीस्ट घालतात, दोन आठवडे उबेत ठेवतात, आणि फेस बाटलीतच तयार होतो.

ती इतकी कडक का, याचं कारण त्याने तिथेच ऐकलं होतं. पहिलं महायुद्ध संपल्यावर, १९१९ साली, बेल्जियमने कायदा केला की गुत्त्यात जिनसारखी दारू विकायची नाही. लोकांना कडक प्यायची सवय होती, मग बिअर बनवणाऱ्यांनी बिअरच कडक केली. हा कायदा साठेक वर्षं टिकला, रद्द झाला तो आत्ता, या दशकात. शिवाय तिथल्या काही मठांत ख्रिस्ती साधू स्वतःच बिअर बनवतात, तिची परंपरा वेगळी. हे सगळं यशवंत कुणालाही सांगायचा. समोरच्याने विचारलं नसलं तरी.

१९८४ च्या वसंतात त्याने घरी बनवायचं ठरवलं. आता घरच्यापुरती बनवायला सरकारची हरकत नव्हती. अँटवर्पच्या सहकाऱ्याने कागदावर कृती लिहून दिली होती, सगळी लिटरला इतके ग्रॅम या हिशेबात. यीस्ट विकतच्या बाटलीच्या गाळातून वाढवलं. दुकानातून पांढरी प्लॅस्टिकची बादली आणली, तिच्यावर पाच गॅलनची रेघ छापलेली होती. बेसमेंटच्या पायरीवर बसून तो म्हणाला, "पाच गॅलन म्हणजे किती लिटर? नामदेवाला विचारावा." मी मास्किंग टेपवर लिहून पट्टी रेघेशेजारी चिकटवली : ५ गॅलन = २२.७ लिटर. पुढची सगळी मापं मी या आकड्यावरून काढली. माल्ट, साखर, आणि बाटलीत भरतानाची लिटरला नऊ ग्रॅम साखर, म्हणजे दोनशे चार ग्रॅम.

बिअर तयार झाल्यावर मोजली तर साडेआठऐवजी दहा टक्क्यांच्या वर भरली. आकडा कृतीपेक्षा इतका वेगळा आला तेव्हा मी थांबायला हवं होतं. इतर कुणाचा असता तर थांबलो असतो. आम्ही दोघांनी एकमेकांना टाळी दिली. "बेल्जियमच्या पुढे गेलो!" यशवंत म्हणाला. अठ्ठेचाळीस बाटल्या भरल्या आणि बॉयलरच्या खोलीत ठेवल्या.

मग गुरुजी आले. व्हिसा लवकर झाला म्हणून ठरल्यापेक्षा तीन आठवडे आधीच. गुरुजींनी आयुष्यात थेंब घेतलेला नाही. रोज सकाळी त्रिशरण, पंचशील म्हणायचे आणि पाचवं शील, मद्यापासून दूर राहण्याचं, जरा जास्तच सावकाश म्हणायचे. यशवंतने त्या खोलीला कुलूप लावलं. एका शनिवारी सकाळी गुरुजी वंदना आटोपून चहा घेत असताना खाली पहिली बाटली फुटली, मग एकामागून एक. यशवंतचा फोन आला, मी पोहोचलो तोवर नऊ फुटल्या होत्या. जिन्यापर्यंत वास. गुरुजी धोतर खोचून काचा वेचत होते आणि यशवंत त्यांना बेल्जियमचा कायदा सांगत होता, कारण दुसरं काय बोलावं ते त्याला कळत नव्हतं.

"म्हणजे बंदी आली आणि बिअर कडक झाली," गुरुजी म्हणाले.

"हो बाबा. आणि मठांतले साधूसुद्धा बनवतात."

"ते त्यांचे साधू. आपल्या भन्तेजींना सांगायला जाऊ नकोस."

मला हसू आलं, पण गुरुजी हसत नव्हते. त्यांनी काचा कागदात बांधल्या आणि मुलाकडे न बघता म्हणाले, "शील तुझं तू बघ. पण माप मी शिकवलं होतं. साखर जास्त झाली असणार. नामदेवाकडून एकदा तपासून घ्यायचं होतंस."

यशवंतने माझ्याकडे पाहिलंही नाही. "हो बाबा. चुकलं माझं."

त्या क्षणी मला खरंच वाटलं की त्याने ओतताना हात सैल सोडला असेल. उरलेल्या बाटल्या आम्ही जाड कोट आणि हातमोजे घालून अंगणात नेल्या आणि झाकणं काढून ओतून दिल्या. जाड काचेच्या दोनच ठेवल्या. साध्या पातळ बाटल्या वापरणं ही यशवंतची चूक होती, तेवढी त्याच्या नावावर राहू दे.

तीन दिवसांनी मी त्यांच्याकडे चहाला होतो. गुरुजींनी दुधाचा कॅन चष्मा वर करून वाचला. "नामदेवा, हे बघ. एक गॅलन, आणि पुढे लिहिलंय तीन पूर्णांक अठ्ठ्याहत्तर लिटर. इथला गॅलन लहान आहे की काय?"

अकरा वर्षं मी तो कॅन विकत घेत होतो. अकरा वर्षं गॅलनने पेट्रोल भरून वहीत लिहीत होतो आणि अमेरिकन गाड्या पेट्रोल फार खातात म्हणून नावं ठेवत होतो. आमचा नागपूरचा गॅलन इंग्रजांचा होता, इथला त्याहून एक षष्ठांशाने लहान. बादलीत एकोणीस लिटरही नव्हते आणि साखर तेवीसची पडली होती. लिटरला नऊऐवजी पावणेअकरा ग्रॅम. यशवंतने कप खाली ठेवला. त्यालाही कळलं होतं, केमिस्टच तो. मी कॅन उचलून फ्रिजमध्ये ठेवला. तोच म्हणाला, "इथे सगळंच लहान, बाबा. पाव बघा, दाबला की मुठीत येतो."

गाडीपर्यंत सोडायला आला तेव्हा मी म्हणालो, "उद्या सांगतो त्यांना."

"नको. मी पितो याचं त्यांना दुःख आहे, ते काही तुझ्या सांगण्याने जाणार नाही. त्यांच्या वर्गातला एक तरी बरोबर राहू दे."

मी ते मान्य केलं. तेव्हा मोठेपणा त्याचा वाटला आणि सोय माझी झाली. गुरुजी परत गेल्यावर थंडीत आम्ही दोनातली एक बाटली उघडली. खरं सांगायचं तर चांगली नव्हती, गोडाळ आणि जाळणारी. यशवंतने पुन्हा बिअर बनवली नाही. दोन वर्षांनी गुरुजी गेले. नागपूरच्या त्यांच्या पत्रांत शेवटपर्यंत एक ओळ असायची : मापात राहावे, अडल्यास नामदेवाला विचारावे. यशवंत ती मला वाचून दाखवायचा आणि हसायचा. मीही हसायचो...

शोकसभेत त्याची मुलगी उज्ज्वला इंग्रजीत बोलली. बाबांना मोजता येत नव्हतं, त्यांनी एकदा आजोबांच्या देखत बेसमेंट उडवलं होतं. सगळे प्रेमाने हसले. मी तिसऱ्या रांगेत बसून होतो.

परवा त्यांच्याकडे गेलो आणि शीलावहिनींना हे सगळं सांगितलं, उज्ज्वलाही होती. ती म्हणाली, "So it was you, काका?" मी हो म्हटलं. वहिनी म्हणाल्या, "चार वर्षं मी त्यांना साध्या चहातल्या साखरेवरून टोमणे मारले. चमचा हातातून काढून घ्यायची. त्याचं काय करू, भावजी?"

बिअरची ती बादली त्यांच्या स्वयंपाकघरात ओट्याखाली आहे, वहिनी तिच्यात तांदूळ ठेवतात. माझी पट्टी अजून चिकटलेली आहे, शाई फिकी झाली आहे पण आकडा वाचता येतो. मी उज्ज्वलाकडे टेप आणि पेन मागितलं. जुनी पट्टी काढायला लागलो तर वहिनी म्हणाल्या, "ती राहू द्या. त्यांनी ठेवली होती." म्हणून तिच्याखाली दुसरी लावली : ५ गॅलन = १८.९ लिटर. आणि पुढे, गुरुजी वर्गात करायला लावत तशी, चूक ज्याची त्याची सही केली.