काचेवर टोचलेली कोयरी

भर दुकानात, यजमान शेजारी उभे असताना, एका परक्या माणसानं मला "बांगड्या काढा" म्हणून सांगितलं. आजही ते आठवलं की हात आपसूक बांगड्यांवर जातो. पण असं मधूनच सांगून तुम्हाला काय कळणार? जरा मागं जाते.

आम्ही साताऱ्याचे. माझं काम खाके काढायचं. साडीवर, ब्लाऊजपीसवर भरतकाम करायचं तर आधी नक्षी उमटवावी लागते ना, तिचं काम. मी ट्रेसिंग पेपरवर नक्षी काढायची आणि आमच्या थोरल्या जाऊबाई त्या रेघेवरून सुईनं बारीक बारीक भोकं टोचायच्या. मग तो कागद कापडावर अंथरून, रॉकेलमध्ये कालवलेली पावडर बोळ्यानं वरून फिरवली, की खाली ठिपक्याठिपक्यांची नक्षी तयार. तो टोचलेला कागद म्हणजे खाका. मला हे कुणी शिकवलं नाही. वाट्या-ताटल्या पालथ्या घालून गोल गिरवले, शेजारणींच्या साड्यांचे पदर बघून घरी येऊन आठवणीनं काढले, असं करत करत हात बसला.

जाऊबाईंचं माहेर माण तालुक्यातलं. थोरले दीर मुंबईला कामाला होते, तिथंच आजारी पडून गेले. जाऊबाई तेव्हा अगदी तरुण. तेव्हापासून त्या आमच्यातच. दळण आणि देऊळ सोडलं तर उंबरा ओलांडायच्या नाहीत. पण सुई हातात घेतली की काय विचारता! माझी रेघ, त्यांची सुई आणि दोघींची अखंड बडबड.

काम सगळं सांगलीच्या चाचांकडून यायचं. त्यांचा भरतकामाचा कारखाना होता. नव्वदचं दशक सरत आलं होतं. एक दिवस चाचा स्वतः घरी आले. चहा झाला, इकडचं तिकडचं झालं, आणि मग त्यांनी खिशातून एक काळी चौकोनी चकती काढून बशीशेजारी ठेवली.

"भाभी, नवीन मशीन घेतलंय. कॉम्प्युटरवर चालतं. त्याला खाका चालत नाही, ही फ्लॉपी लागते. नक्षी हिच्यात भरून द्यायची."

मी बघतच राहिले. जाऊबाईंनी ती चकती उलटीपालटी केली, कानाशी नेऊन हलवली. "एवढ्याशा डबीत सबंध साडी मावती व्हय?"

"दहा साड्या मावतात," चाचा हसले. पण हसू काही टिकलं नाही. "पुण्याची पोरं करून द्यायला तयार आहेत. मी म्हटलं, आधी भाभींना विचारू. दसऱ्यापर्यंत थांबतो. त्यानंतर मात्र माझा इलाज नाही."

चाचा गेले. इतकी वर्षं दोघींच्या हातांना असलेलं काम एका चकतीपायी जाणार, हे माझ्या डोक्यात शिरायलाच तयार नव्हतं. जाऊबाई तर जेवायला बसल्या की ताटात नुसत्या रेघा ओढत. शेवटी हेच म्हणाले, "चला सांगलीला. बघू तरी काय यंत्र असतं ते." जाऊबाई नको नको म्हणत होत्या. मीच त्यांना ओढून एस्टीत बसवलं, पिशवीत आमचे खाकेही घेतले.

नक्षी फ्लॉपीत भरायचं यंत्र दाखवायला चाचा आम्हाला ओळखीच्या कॉम्प्युटरच्या दुकानात घेऊन गेले. दुकानदार तरुण, भर उकाड्यात गळ्यात टाय. त्यानं दोन यंत्रं दाखवली. पहिलं म्हणजे टीव्हीसारखा कॉम्प्युटर आणि त्याला वायरनं जोडलेली काळी पाटी. पेन पाटीवर फिरवायचं, रेघ उमटणार समोर टीव्हीत. दुसरं यंत्र म्हणजे सबंध कॉम्प्युटरच पाटीत! वायर नाही, काही नाही, बॅटरीवर चालणारा, फ्लॉपीची खाच बाजूला. मांडीवर घ्यायचा आणि काचेवरच पेनानं काढायचं. परदेशात कुणीतरी वापरलेला, कोपऱ्यावर चरा पडलेला, पण काच आतून अशी उजळलेली की मला शहाराच आला.

"काकू, काढा कोयरी," तो म्हणाला.

मी काढायला गेले आणि बाई गं! पेन एकीकडे, रेघ भलतीकडेच. काचभर वेड्यावाकड्या फरपटी उठल्या.

"तळहात उचला काकू. याला स्पर्श कळतो. हात टेकला तरी त्याला पेनच वाटतं."

आता मी जन्मभर तळहात कागदावर टेकवूनच रेघ ओढलेली. हात अधांतरी धरून कोयरीचं पोट कसं गोल यायचं? तरी उचलला. तर हिरव्या बांगड्या घसरून मनगटावर आल्या आणि टकाटक काचेवर आपटल्या. प्रत्येक बांगडीची वेगळी रेघ! मी बांगड्या वर सारल्या, पुन्हा घसरल्या. तेव्हाच तो सहज म्हणून गेला, "बांगड्या काढा ना काकू, म्हणजे नीट जमेल."

यजमान शेजारी उभे असलेल्या बाईला असं कुणी सांगतं का? आमच्यात बांगडी फुटली तरी वाढवली म्हणतात. यांचा चेहरा पांढराफटक पडला. चाचा त्या पोरावर खेकसले, "अरे, काय बोलतोस? समजतं का काही?" तो बिचारा "सॉरी, सॉरी" करायला लागला. आपलं काय चुकलं हेसुद्धा त्याला धड कळलं नव्हतं.

मी पेन खाली ठेवलं. मनात म्हटलं, झालं, संपलं आपलं काम.

तेवढ्यात मागून जाऊबाईंचा आवाज आला.

"आना हिकडं त्यो पेन. माझं हात मोकळंच हायत."

इतक्या वर्षांत आपल्या मोकळ्या मनगटांविषयी त्यांनी तोंडातून चकार शब्द काढला नव्हता. आम्हीही कधी तिकडं बघायचो नाही. आणि आज परगावच्या दुकानात, बारीकसं हसत, त्यांनी दोन्ही हात पुढं केले. हे वळून दाराकडं बघायला लागले.

जाऊबाई मांडी घालून खाली बसल्या. पाटी मांडीवर घेतली. मग पिशवीतून माझा एक न टोचलेला कागद काढला आणि सरळ काचेवर अंथरला.

"मावशी, काचेवर कागद नसतो ठेवायचा!"

"कागदाबिगर काय हवेत टोचू?" असं म्हणून त्यांनी पेन सुईसारखं उभं धरलं आणि टक टक टक टक सुरू केलं. मनगट वर, बोटं वर, काचेला फक्त पेनाचं टोक. सुई टोचताना कागद मळू नये म्हणून त्या हात नेहमी अस्साच अधांतरी ठेवायच्या. मी रोज बघत होते, पण आजवर कधी लक्षातच आलं नव्हतं.

"अहो, काच जाईल!" दुकानदार धावला. चाचांनी त्याचा दंड धरला. "थांब रे. करू दे."

खालून उजेड येत होता, त्यामुळं माझी रेघ कागदात लख्ख दिसत होती. जाऊबाईंनी शेवटचा टोचा मारून कागद उचलला. काचेवर कोयरी होती. माझीच कोयरी, पण सगळी ठिपक्यांची.

दुकानदार हळू आवाजात म्हणाला, "रेघ नाही उमटली हो. नुसते ठिपके आलेत."

"अरे, मला ठिपकेच पाहिजेत!" चाचा एवढ्यानं ओरडले की मी दचकले. "मशीनला कुठली आलीय रेघ? सुई इथं पडली, मग तिथं, मग पुढं. मशीन शिकवायला आलेला माणूस हेच तर सांगत होता. बिंदू द्या, टाका मशीन घालेल!"

मी स्टूल ओढलं आणि काचेवरचे ठिपके मोजायला लागले.

हे तेवढे व्यवहारी. म्हणाले, "वहिनी, ते पहिलं यंत्रही एकदा बघा. नवंकोरं आहे."

जाऊबाईंनी पेन घेऊन त्या काळ्या पाटीवर दोन टोचे मारले, मान वर करून टीव्हीकडं बघितलं आणि पेन ठेवलं. "हात हितं आन डोळं तिकडं. आसं कुनी टोचतंय व्हय, भावजी? आन लाईट गेली म्हंजी बसा बोंबलत."

तरी निवड माझ्यावरच आली. नक्षी माझी होती ना! त्या टीव्हीवाल्या यंत्रावर हात टेकला तरी चालत होतं, बांगड्यांचाही त्रास नव्हता. सवयीनं ते मला जमलं असतं. काचेची पाटी मात्र माझ्या हाताला कधीच जमणार नव्हती. ती घेतली तर पेन जाऊबाईंचं. मी कागदावर काढायचं, त्यांनी काचेवर टोचायचं आणि फ्लॉपी घेऊन सांगलीला यायचं तेही त्यांनीच, कारण मशीनवर काही अडलं तर सांगणार कोण? चाचा माझ्याकडं बघत होते. जाऊबाई कागदाची घडी घालण्यात गुंतल्यासारखं दाखवत होत्या, पण तीच घडी पुन्हा पुन्हा घालत होत्या.

"पाटीच द्या," मी म्हटलं.

"मग दसऱ्याचं काम तुमचंच, भाभी," चाचा म्हणाले. मग जाऊबाईंकडं वळून म्हणाले, "तुमचं दोघींचं."

दुकानदारानं पावती पुढ्यात ओढली. "नाव काय लिहू?"

यांनी तोंड उघडलं, तोवर मी जाऊबाईंचं नाव सांगून मोकळी झाले. पहिलं नाव, दिरांचं नाव, आडनाव. थोरल्या जावेचं नाव आमच्यात कुणी घेत नाही. ते माझ्या तोंडून निघालं आणि मीच चपापले. जाऊबाई तर डोळे फाडून बघत राहिल्या.

"अगं, तुला ठाव हाय माझं नाव?"

"आता न ठाऊक असायला काय झालं!"

त्यांनी पदरानं तोंड पुसलं आणि त्या टायवाल्या पोराकडं वळल्या.

"लिवा मग, बाबा. आन नीट लिवा. खाडाखोड नको."