‘काम हो’चं गाणं

तिसगावात इंग्रजी गाणी गाजली होती असं सांगितलं की नगरची माणसं हसतात. हसू द्या. ज्या गाण्यांना नगरात कुणी कुत्रं विचारत नव्हतं, ती आमच्याकडं लग्नामागून लग्नं गाजवून गेली. आणि ती गाजवली बन्सी भिंगारदिवे यांनी, ज्यांना एबीसीडी तरी सलग येत होती की नाही याची मला शंका आहे.

बन्सीभाऊंचा धंदा लाऊडस्पीकरचा. दोन भोंगे, एक ॲम्प्लिफायर, एक टेप आणि हे सगळं वाहून न्यायला सायकल. थोरल्या मुलाच्या नावानं पाटी रंगवली होती, ‘सम्राट साऊंड सर्व्हिस’. लग्न असो, बारसं असो, चौदा एप्रिलची मिरवणूक असो की मढीची जत्रा, भोंगे त्यांचेच. माझं चौकात कॅसेट भरून द्यायचं दुकान, त्यामुळं रोजची उठबस.

त्यांच्या दोन खोडी होत्या. भोंगे बांधून झाले की माईकवर वन टू थ्री म्हणायचं नाही. ते विचारायचे, “हॅलो, सम्राट, येतोय का आवाज?” सम्राट तिकडं लांब पाण्याच्या टाकीपाशी उभा असायचा. आवाज नीट पोचला की तो हात वर करायचा. पोरानं हात वर केल्याशिवाय आमदार का येईना, कार्यक्रम सुरू होत नसे. दुसरी खोड म्हणजे खोकला आला तरी आधी माईकचं बटण बंद करायचे. मी एकदा चेष्टा केली तर म्हणाले, “नाथा, भोंग्यातून लोकांचं जायाचं. आपलं कायबी जाता कामा न्हाई.”

इंग्रजी गाणी आणली त्यांच्या मेव्हण्यानं, छगननं. तो भिंगारला लष्कराच्या मेसमध्ये स्वयंपाकी होता. पंचाऐंशी-शहाऐंशीच्या सुमारास एका साहेबाची बदली झाली आणि सामान बांधताना त्यानं कॅसेटींचं खोकं टाकून दिलं. छगननं ते भाच्याला आणून दिलं. त्यात नाव घेण्यासारखं काही नव्हतं. जगभर गाजलेली गाणी साहेबानं स्वतःबरोबर नेली असणार, आणि उरलीसुरली तिसगावच्या नशिबी आली. पण सम्राट त्या खोक्यावर तुटून पडला. आठवी-नववीतलं पोर, दिवसभर टेपला कान लावून बसायचं. टेप गुंतली की पेन्सिल घालून गुंडाळायचं आणि पुन्हा ऐकायचं.

मग ती गाणी लग्नात शिरली. नावं कुणाला माहीत नव्हती, म्हणून गावानंच बारसं केलं. एकात मध्येच शिट्टी होती, ते ‘शिट्टीचं’. एकात बाप्या माणूस बाईच्या आवाजात किंचाळायचा, ते ‘म्हातारीचं’. आणि सगळ्यांचा राजा म्हणजे ‘काम हो’. सुरुवातीला ढोलकी नाही न् ताशा नाही, मशीनवर वाजवल्यासारखा ठोका. मग पेटीसारखं पण पेटी नव्हे असं काहीतरी लांबवर वाजायचं आणि तो गोरा गळा काढून ओरडायचा, “काम होऽऽ, काम होऽऽ.” निदान भोंग्यातून तरी तसंच ऐकू यायचं.

तो दुष्काळाचा काळ. अर्धं गाव रोजगार हमीवर खडी फोडत होतं. तिथं हे गाणं बायांच्या तोंडी बसलं. एकीनं हातोडी उचलली की दुसरी म्हणायची, “काम हो!” लंकाबाई नावाची एक फटकळ म्हातारी होती. ती मुकादमाला म्हणाली, “बघ रं, गोऱ्यालाबी काम न्हाई. त्योबी सरकारकडं कामच मागतोय.” सगळा खडीचा ढीग हसला होता.

बन्सीभाऊंना तर हे गाणं म्हणजे हातात आयतं कोलीत. सम्राट जरा पडून राहिला की गळा काढायचे, “काम होऽऽ!” तोही हसत उठायचा. पोराला बापाबरोबर भोंगेच वाजवायचे होते, नवे बॉक्स घ्यायचे होते. पण भाऊंना वाटायचं, पोरगं वायरमनचं शिकलंय तर त्यानं कारखान्यात लागावं, पगाराचं माणूस व्हावं. आपली जिंदगी खांबावर चढण्यात गेली, त्याची जाऊ नये. यात भाऊंचं काय चुकलं, मला अजून कळलेलं नाही. ब्याण्णव साली सम्राट एका ठेकेदाराबरोबर वापीकडं कारखान्यात गेला. जाताना कॅसेटींचं खोकं बापाच्या हवाली करून गेला.

माझ्या दुकानात तोवर एसटीडीचा फोन आला होता. सम्राट माझ्याकडं फोन करायचा आणि मी भाऊंना हाक मारायचो. त्याच्या शेवटच्या फोनला मी काउंटरच्या अलीकडं उभा होतो. रिसीव्हरमधला आवाज मलाही ऐकू येत होता.

“आबा, लई तरास हाय हितं. सारखी रातपाळी लावत्यात. मी येऊ का घरी थोडं दिस?”

भाऊ हसले आणि सुरात म्हणाले, “काम होऽऽ, काम होऽऽ!”

तिकडं तोही हसला. म्हणाला, “आबा, त्या गान्याचा अर्थ तसा न्हाई हो. हितं एक केरळचा पोरगा हाय, त्यानं मला सांगितला.”

“मग कसा हाय?”

“आल्यावर सांगतो.”

तो आला तो टेम्पोतून, पांढऱ्या चादरीत. कारखान्यात चालू लाईनवर काम करताना शॉक लागला, एवढंच ठेकेदारानं सांगितलं. कलाबाई, त्याची आई, चादरीवरून हात फिरवत एकच बोलत होती, “लेकरू येतो म्हनत हुतं. येतो म्हनत हुतं.” भाऊ भिंतीला टेकून बसले होते आणि तिच्याकडं बघत नव्हते.

त्यानंतर गावात ‘काम हो’ वाजलं नाही. कुणी मागितलंही नाही. गावाला तेवढी अक्कल असते. भाऊ धंदा करत राहिले, पण माईकवर काही विचारायचे नाहीत. बोटानं टकटक करायचे आणि माईक समोरच्याच्या हातात द्यायचे. कधी माझ्या दुकानात बसले की मात्र गाडी तिथंच यायची. “नाथा, काय अर्थ आसंल रं? पोरगं काय सांगनार हुतं?” मी म्हणायचो, कॅसेट आणा, नगरात कुणाला तरी ऐकवू. ते मान हलवायचे आणि उठून जायचे. त्यांना अर्थ हवा होता आणि त्या अर्थाचीच भीती वाटत होती.

सत्त्याण्णवला सम्राटच्या धाकट्या बहिणीचं, प्रज्ञाचं, लग्न ठरलं. ती नगरला कॉलेजात इंग्रजी घेऊन बी.ए. झाली होती. लग्न तोंडावर आलं तेव्हा सम्राटचे सोबती, आता बापे झालेले, भाऊंना भीत भीत म्हणाले, “भाऊ, सम्राटच्या बहिणीचं लग्न हाय. त्याची गानी वाजवू की.” दुसऱ्या दिवशी दुपारी भाऊ ते खोकं न् प्रज्ञाला घेऊन माझ्या दुकानात हजर. टेपा चिकटल्या होत्या. म्हणाले, “नव्या कॅसेटवर भरून दे.”

मी कापसानं टेपचं हेड पुसलं आणि एकेक लावत गेलो. ‘शिट्टीचं’ लागलं तेव्हा प्रज्ञा हसली. ‘म्हातारीचं’ ऐकताना भाऊसुद्धा हसले, डोळे पुसत हसले. माझ्या दुकानातला आवाज स्वच्छ होता. भोंग्यानं खाल्लेले शब्द, मागची कुजबुज, तारांवर घासलेलं बोट, सगळं ऐकू येत होतं. दहा-बारा वर्षं ही गाणी आम्ही अर्धीच ऐकली होती.

मग ठोका सुरू झाला. गोऱ्यानं गळा काढला आणि प्रज्ञाचा चेहरा बदलला. तिनं चटकन माझ्याकडं पाहिलं. भाऊंनी ते पाहिलं.

“काय म्हनतोय?”

“जुनं गाणं आहे, आबा. नीट कळत नाही.”

“प्रज्ञा. तुझ्या भावानं सांगायचं ठेवलंय. तू सांग.”

ती रडायला लागली. “काम हो नाही म्हणत, आबा. कम होम म्हणतोय. शेवटचा म भोंग्यात ऐकू येत नव्हता. घरी ये, घरी ये, असं म्हणतोय.”

गाणं भरून संपलं तसा मी टेप बंद केला. पोरगं घरी येऊ का विचारत होतं आणि बाप त्याला गाण्यातून ‘घरी ये’ म्हणत होता, दोघं हसत होते, आणि बापाला आपण काय म्हणतोय ते ठाऊक नव्हतं. माझा जीव इतका तुटला की मी उगाच कॅसेटींची कव्हरं पुसत बसलो.

“भरलं का?” भाऊ स्टुलावरून उठत म्हणाले. “दे हिकडं.”

लग्नाचा मांडव दारात घातला होता आणि भोंगे बांधून तयार होते. मी आणि प्रज्ञा मागोमाग गेलो. त्यांनी कॅसेट घातली आणि आवाजाचं बटण पार शेवटपर्यंत फिरवलं. भर दुपारी ‘काम हो’ गावावर घुमलं. माणसं दारात आली. कलाबाई नळाची घागर घेऊन पाण्याच्या टाकीपाशी उभी होती, ती तिथंच थांबली.

गाणं संपलं. भाऊंनी माईक हातात घेतला. टकटक केली नाही.

“हॅलो... सम्राट... येतोय का आवाज?”

कुणी हललं नाही. मला वाटलं, आपण तरी काहीतरी करावं, पण तो हात वर करायचा हक्क माझा नव्हता. तेवढ्यात कलाबाईनं घागर खाली ठेवली आणि टाकीपाशी, जिथं तिचं पोर उभं राहायचं तिथंच, हात वर केला.

“मंग ये घरी,” भाऊ म्हणाले. “घरी ये, बाळा. काम ऱ्हाऊ दे.”

आणि ज्या माणसानं उभ्या जन्मात आपला खोकला भोंग्यातून जाऊ दिला नव्हता, तो बटण बंद न करता रडायला लागला. पार मढीच्या रस्त्यापर्यंत ते ऐकू गेलं.