शुक्रवारपर्यंत काही नाही

हवामान कार्यालयातल्या त्या बाईंना बंदरावर सगळे 'वारेबाई' म्हणत. बावीस वर्षं त्या रोज रेडिओवरून समुद्राचा अंदाज सांगत होत्या. भाजीवालीसुद्धा भाजी तोलण्याआधी विचारायची, "बाई, उद्या गोधड्या वाळत घालू का?" आणि वारेबाई म्हणायच्या, "घाल, पण दगड ठेव वर. उडून माझ्या अंगणात आल्या तर परत देणार नाही."

पानगळ सरत आली की शहराला आठवडाभर सुट्टी लागायची. त्या आठवड्यात निम्मं शहर समोरच्या बेटावर जायचं. लाँचने अडीच तासांचं अंतर. त्यातली एक लाँच वारेबाईंचा थोरला भाऊ तीस वर्षं चालवत होता. त्या वर्षीचा सुट्टीच्या आठवड्याचा अंदाज वारेबाईंनीच सोमवारी लिहिला. आठवडा कोरडा, सकाळी गारठा, वारा शुक्रवारी रात्रीपासून वाढेल, तोवर समुद्र शांत. मोठ्या साहेबांनी त्यावर सही ठोकली आणि तेही सुट्टीवर गेले.

बुधवारी सकाळी सात वाजता दादाचा फोन आला. बाईंचा एक हात वेणीत, एक डोळा गॅसवरच्या दुधावर.

"चिमे, पश्चिमेचा रंग काही मला आवडत नाही आज," दादा म्हणाला. "पिवळट दिसतंय. नेऊ ना लाँच?"

"अरे, शुक्रवारपर्यंत काही नाही. सोमवारी सांगितलं ना? जा बिनधास्त."

दूध वर आलं. त्यांनी फोन ठेवला. रात्रीत काय बदललं ते अजून पाहिलेलं नाही, एवढं एक वाक्य बोलायला दोन सेकंद लागले असते. ते त्या बोलल्या नाहीत.

साडेनऊला त्या कार्यालयात पोचल्या, तर खोल समुद्रातली, वारा-लाटा मोजून कळवणारी तरंगती बोया पहाटे चारपासून गप्प होती. रात्रपाळीच्या माणसाने बॅटरी गेली असेल म्हणून वहीत तसं लिहून ठेवलं होतं. एवढ्यात दीपगृहावरच्या रखवालदाराचा फोन आला.

"बाई, हवेचा दाब घसरतोय. तीन तासांत सात मिलिबार खाली. असं मी तरी पाहिलेलं नाही."

वारेबाईंनी नकाशा समोर ओढला. शुक्रवारी यायचं ते आजच दुपारी येणार होतं. घड्याळात पावणेदहा झाले होते आणि दादाची लाँच दहाला सुटायची. त्यांनी फोन लावला. फोन बंद. लाँचवर चढताना दादा फोन बंद करून डब्यात ठेवायचा, हे त्यांना ठाऊक होतं, तरी त्या लावत राहिल्या. मग बंदर कचेरीत लावला.

"धोक्याचा बावटा चढवा, आत्ताच्या आत्ता!"

"ताई, तुमच्या साहेबांची सही लागते," तिथला कारकून म्हणाला. "मी कसा चढवू?"

साहेब फोनवर आले तेव्हा मागे पोरांचा कल्ला ऐकू येत होता. "गेल्या वर्षीसुद्धा तुम्ही असंच घाबरवलंत लोकांना. सगळ्या लाँच अडकून पडल्या आणि झाडाचं पान हललं नाही. दुपारचा आकडा बघू, मग ठरवू."

"दुपारपर्यंत माणसं पाण्यात असतील, साहेब!"

"बाई, जरा शांत व्हा."

एवढ्यात साडेदहा वाजून गेले. अकराला आणखी चार लाँच सुटायच्या होत्या. वारेबाई तशाच उठल्या, खालच्या मजल्यावरच्या रेडिओच्या खोलीत शिरल्या आणि चालू गाणं बंद करायला लावलं.

"हे माझ्या एकटीच्या जबाबदारीवर सांगते आहे," त्या म्हणाल्या. "एकही लाँच सोडू नका. सुटली असेल तर मागे फिरवा."

चार लाँच धक्क्यालाच राहिल्या. पाचवी, दादाची, पाऊण तासावर गेली होती.

बंदरातल्या वायरलेसच्या खोलीपर्यंत त्या पळत गेल्या. दादाला निरोप पोचला होता, पण मागे फिरायचं तर वारा तोंडावर घ्यावा लागला असता. तो पुढेच निघाला. साडेअकराला खिडकीच्या काचा थरथरायला लागल्या. सव्वाबाराला खरखरीतून दादाचा आवाज आला, "इंजिनात पाणी शिरलंय. बेटाच्या दक्षिणेला वाळूवर चढवायचा प्रयत्न करतो." बाईंनी माइक हातात घेतला. "दादा," एवढंच तोंडातून निघालं. पलीकडून उत्तर आलं नाही.

दीड तास बाई तिथल्याच खुर्चीत बसून होत्या. कुणीतरी चहा आणून ठेवला, त्यावर साय धरली. मग बेटावरून फोन आला. लाँचमध्ये बावन्न माणसं होती. एकोणपन्नास किनाऱ्याला लागली.

गेले ते तिघे म्हणजे एक शाळामास्तरीण, एक निवृत्त पोस्टमन आणि दादाचा वीस वर्षांचा जोडीदार, इंजिनवाला.

चौकशी बसली. चार लाँच वाचवल्या म्हणून वारेबाईंना शाबासकीचं पत्र मिळालं. दादाला विचारलं, निघण्याआधी हवामानाची खात्री केली होती का? दादा म्हणाला, "नाही. मी कुणाला विचारलं नाही. आभाळ बिघडलेलं दिसत होतं, तरी नेली." त्याचा परवाना कायमचा गेला.

दादाची ही साक्ष वारेबाईंनी पेपरात वाचली. चौथ्या दिवशी त्या चौकशीच्या साहेबांसमोर जाऊन उभ्या राहिल्या आणि सकाळचा फोन, वेणी, दूध, सगळं सांगून टाकलं. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"भावाबहिणीचं घरगुती बोलणं आहे हे," ते म्हणाले. "सोमवारच्या अंदाजात एवढी चूक नियमात बसते. तुमच्यावर काही येत नाही, बाई."

"पण यायला पाहिजे हो!"

त्यांनी फाईल मिटली.

वारेबाई तिथून थेट दादाच्या घरी गेल्या. वहिनीने दार उघडलं आणि आतल्या खोलीकडे बोट दाखवलं. भर दुपारी दादा भिंतीकडे तोंड करून पडला होता.

"मी सांगून आले सगळं," त्या म्हणाल्या.

"कशाला?" तो वळलाही नाही. "मी एकटा बुडालो होतो ते पुरे नव्हतं? तू कशाला उडी घेतलीस?"

"तू विचारलंस आणि मी न बघता बोलले, दादा."

"मला दिसत होतं गं. तीस वर्षं तेच आभाळ बघतोय. तू नाही म्हणावंस म्हणून फोन केला होता. तू हो म्हणालीस आणि मला बरं वाटलं."

वहिनी दारात पदर तोंडाला लावून उभी होती. वारेबाई खाली फरशीवर बसल्या. रडायला आलं नाही. मग दादा भिंतीशीच बोलायला लागला.

"मास्तरणीचा हात धरला होता मी. मनगटाला धरला होता, नीट. ती म्हणाली, सोडू नका हं. अशी म्हणाली, की जणू वर्गात पोरांना सांगतेय. मग लाट आली."

"दादा, नको."

"ऐक. कुणालाच सांगितलं नाही मी. हिलाही नाही."

वारेबाई ऐकत राहिल्या. त्याने तेच तीनदा सांगितलं, मनगटापासून लाटेपर्यंत, आणि प्रत्येक वेळी लाटेशी येऊन थांबला. चौथ्यांदा सुरू केलं, तेव्हा वहिनीही आत येऊन खाली बसली.